पाटीवर काढा, पडद्यावर बघा!

दोस्तांनो, सुरुवातीला एक कोडं घालतो.

पाटी आहे, पण तिच्यावर काही उमटत नाही. लेखणी आहे, पण तिच्यात ना शाई, ना शिसं, ना सेल. लिहायचं इथं आणि बघायचं तिथं! सांगा पाहू, मी कोण?

बरोब्बर! संगणकावर चित्रं काढायची पाटी. दुकानात तिला ‘ग्राफिक्स टॅब्लेट’ किंवा ‘पेन टॅब्लेट’ म्हणतात. माझ्या आईनं मात्र पहिल्याच दिवशी तिचं नाव ‘पाटी’ ठेवलं आणि आमच्या घरात तेच रूढ झालं. तेव्हा आपणही इथं पाटीच म्हणू या.

ही पाटी आमच्या घरात आली ती माझ्या भाचीमुळे. भाची साताऱ्याला असते, नुकतीच नववीची परीक्षा दिलेली. चित्रकलेत हात चांगला. एलिमेंटरीच्या परीक्षेत ‘अ’ श्रेणी मिळालेली. संगणकावर काढलेली चित्रं बघून बघून तिलाही वाटायला लागलं, आपणही असं काढावं. मग दिवाळीची ओवाळणी, वाढदिवसाचे पैसे, पाहुण्यांनी जाताना हातावर ठेवलेल्या नोटा, असं दीड वर्ष साठवून तिनं साडेतीन हजारांची एक पाटी मागवली.

तीन आठवड्यांनी मी ताईकडे गेलो, तर पाटी कपाटावर! खोक्यात. खोक्यावर धूळ.

“काय गं, शिकून झालं वाटतं इतक्यात?” मी थट्टेनं विचारलं.

“मामा, मला नाही येत ते,” ती म्हणाली. “साधा गोलसुद्धा येत नाही. माणसं काढली तर सगळी जाडी दिसतात. माझा हातच बिघडलाय.”

दाजी वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणाले, “साडेतीन हजार रुपये हो! मी सांगत होतो, कागद-पेन्सिल काय वाईट आहे?”

पैशांचं मला एवढं वाटलं नाही. पण ताईनं स्वयंपाकघरात हळूच सांगितलं, की त्या तीन आठवड्यांत भाचीनं कागदालाही हात लावला नव्हता. ड्रॉइंगची वही दप्तराच्या तळाशी. इंटरमिजिएट परीक्षेला बसायचं नाही म्हणते. हे मात्र मला लागलं. मी स्वतः तीस वर्षं निब, ब्रश आणि इंडियन इंक घेऊन पुस्तकांसाठी चित्रं काढली. हात बिघडला असं वाटणं म्हणजे काय, ते मला ठाऊक आहे.

“असं कर,” मी म्हटलं, “मे महिन्यात पुण्याला ये. येताना पाटी घेऊन ये. मलाही येत नाही. आपण दोघं मिळून शिकू.”

दोन अंड्यांचं रहस्य

माझ्याकडे एक जुना संगणक आहे. त्याचा पडदा जवळजवळ चौकोनी, आताच्या लॅपटॉपसारखा लांबट नाही. पाटी त्याला जोडली, तिचा ड्रायव्हर घातला. (इथं ड्रायव्हर म्हणजे गाडी चालवणारा नव्हे हं! पाटी आणि संगणक यांची एकमेकांशी ओळख करून देणारा छोटासा प्रोग्रॅम. तो कंपनीच्याच संकेतस्थळावरून घ्यावा. तो नसेल तर पेनचा दाब ओळखला जाईलच असं नाही.) चित्र काढायला ‘क्रिटा’ नावाचा प्रोग्रॅम घेतला. तो फुकट मिळतो आणि त्याचं काम १९९९ पासून चालू आहे. स्वीडिश भाषेत क्रिटा म्हणजे खडू. पाटीला साजेसंच नाव, नाही का?

आधी मी बसलो. म्हटलं, एक गोल काढू. शाळेत फळ्यावर मी एका झटक्यात गोल काढायचो आणि मुलं टाळ्या वाजवायची. इथं काढला, तर पडद्यावर चक्क अंडं! पुन्हा काढला. पुन्हा अंडं. उभं, मुंबईच्या इमारतींसारखं.

भाची इतके दिवसांत पहिल्यांदा हसली. “मामा, तुझं अंडं उभं आलं. माझं आडवं येतं.”

“मग तू काढ बघू.”

तिनं काढलं. तेही उभं! ती चमकली. “घरी तर आडवं येत होतं...”

आता दोस्तांनो, इथं जरा थांबा आणि डोकं चालवा. हात तोच, पाटी तीच. साताऱ्याला अंडं आडवं, पुण्याला उभं. बदललं काय? फक्त पडदा! मग खोट हातात कशी असेल?

त्याचं असं आहे. माऊस सरकवताना आपण तो मधेच उचलून दुसरीकडे ठेवतो, तरी पडद्यावरचा बाण होता तिथंच राहतो. पाटीचं तसं नाही. पाटीचा वरचा डावा कोपरा म्हणजे पडद्याचा वरचा डावा कोपरा, खालचा उजवा म्हणजे खालचा उजवा. पाटीवरच्या प्रत्येक जागेची पडद्यावर एक जागा ठरलेली. पण पाटीची लांबी-रुंदी आणि पडद्याची लांबी-रुंदी एकाच प्रमाणात नसली, तर संगणक काय करतो? रबराच्या फुग्यावर काढलेलं चित्र ताणावं, तसं तो ते ताणून बसवतो.

खात्री करायला आम्ही एक प्रयोग केला. तुम्हीही करा. आईकडून काचेची हिरवी बांगडी मागून घेतली. ती पाटीवर ठेवली आणि तिच्या आतल्या कडेनं पेन फिरवलं. आता हात चुकायचा प्रश्नच नाही! बांगडी आतून सहा सेंटिमीटर. पडद्यावर फूटपट्टी लावून मोजलं, तर आडवं साडेबारा सेंटिमीटर आणि उभं तब्बल सोळा!

मग भाचीनं वहीत गणित मांडलं. आमच्या पाटीची चित्र काढायची जागा १६ सेंटिमीटर बाय १० सेंटिमीटर. तिच्या घरच्या लॅपटॉपचा पडदा साधारण ३४.५ बाय १९.४. म्हणजे आडव्या दिशेनं चित्र जवळजवळ २.१६ पट होतं आणि उभ्या दिशेनं १.९४ पट. सहा सेंटिमीटरची बांगडी तिथं आडवी १३ आणि उभी साडेअकराच्या थोडी वर भरणार. फरक लहानच. आणि लहान असतो म्हणूनच तो फसवतो बरं का! मोठा असता तर कुणीही ओळखला असता. एवढासा असला की माणूस आपल्या हातालाच दोष देत बसतो.

उपाय पाच मिनिटांचा निघाला. पाटीच्या सेटिंगमध्ये ‘प्रमाण कायम ठेवा’ अशा अर्थाचा एक पर्याय असतो. तिथं खूण केली. माझ्या पडद्यावर त्यामुळे पाटीची साडेतीन सेंटिमीटरची एक पट्टी वाया जाते, तिच्या लॅपटॉपवर जेमतेम एक सेंटिमीटर जाईल. जाऊ दे! बांगडी पुन्हा फिरवली, तर पडद्यावर छान गरगरीत गोल.

भाची थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “म्हणजे माझा हात बरोबर होता?”

“हात बरोबरच होता.”

“तीन आठवडे?”

“तीन आठवडे.”

त्या रात्री मी पाणी प्यायला उठलो, तर ती बाहेरच्या खोलीत बसून कागदावर पेन्सिलनं तांब्या-पेल्याचं वस्तुचित्र काढत होती. मी काही न बोलता परत जाऊन झोपलो.

पेनात सेल नाही, मग चालतं कसं?

मघाशी मी ‘काचेची’ बांगडी असं मुद्दाम म्हटलं. धातूचं कडं ठेवू नका. का ते सांगतो, त्यात मोठी गंमत आहे.

बऱ्याचशा पाट्यांच्या पोटात बारीक तारांची उभी-आडवी जाळी असते. या तारांमधून पाटी अगदी थोडा वेळ एक विद्युतचुंबकीय लहर सोडते. पेनच्या आत तारेचं छोटंसं वेटोळं असतं. ही लहर त्याला लागली की ते जागं होतं. झोपाळ्याला बरोबर वेळेवर थोडे थोडे धक्के देत राहिलं की तो कसा उंच जातो, तसंच. मग पाटी लहर सोडायची थांबते आणि कान देऊन ऐकते. थांबलेल्या माणसाचा झोपाळा जसा थोडा वेळ आपोआप हलत राहतो, तसं पेनातलं वेटोळं थोडा वेळ उत्तर देत राहतं. ते उत्तर कुठल्या तारांना सगळ्यांत मोठ्यानं ऐकू आलं, त्यावरून पाटीला कळतं की पेन इथं आहे. मग पुन्हा लहर, पुन्हा ऐकणं. हे सारं एका सेकंदात शेकडो वेळा! पेन जोरात दाबलं की त्याच्या उत्तराचा सूर किंचित बदलतो, त्यावरून दाब कळतो. पेनला लागणारी सगळी वीज पाटीच पुरवते, म्हणून सेल नाही. आणि धातूची वस्तू मधे आली की या बोलाचालीत व्यत्यय येऊ शकतो, म्हणून बांगडी काचेची.

‘लिहायचं इथं, उमटायचं तिथं’ ही कल्पना तशी फार जुनी. एलिशा ग्रे या अमेरिकन संशोधकानं १८८८ साली ‘टेलऑटोग्राफ’ नावाच्या यंत्राचं पेटंट घेतलं. एका गावात कागदावर सही करायची आणि तारेच्या दुसऱ्या टोकाला, दुसऱ्या गावात यंत्राचं पेन तीच सही करणार! संगणकाला जोडलेली नामांकित पाटी १९६४ ची, अमेरिकेतल्या रँड या संस्थेत बनलेली. दहा इंच बाय दहा इंच, दर इंचाला शंभर रेघांची जाळी. म्हणजे दहा लाखांवर जागा ओळखणारी. तिच्या पेनला वायर होती. पुढं १९८३ साली जपानमध्ये स्थापन झालेल्या वॅकॉम कंपनीनं ही वायर काढून टाकली आणि पेन खरोखर पेनसारखं मोकळं झालं.

आजीची वही

आता खरा अभ्यास. गोल गोल झाला म्हणून चित्रं येतात असं नाही. बिनपडद्याच्या पाटीची मुख्य अडचण ही, की हात खाली आणि डोळे समोर. कागदावर आपण निबेकडे बघून काढतो. इथं निबेकडे बघून काही उपयोग नाही, तिथं काही दिसतच नाही! हार्मोनियम वाजवणारा पट्ट्यांकडे न बघता समोर बघून गातो. त्यालाही पहिल्या दिवशी ते जमलेलं नसतं.

यासाठी मी सरावाच्या रेघोट्या काढायला सांगितल्या. आडव्या, तिरप्या, नागमोडी. भाची दोन दिवसांत कंटाळली. खरं सांगू? मीही कंटाळलो.

तेव्हा आई कामाला आली. माझ्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तिला खाली बसता येत नाही. म्हणजे रांगोळी बंद. डोळ्यांनाही आता बारीक दिसत नाही. पण तिच्याकडे रांगोळ्यांची एक दोनशेपानी वही आहे, लग्नाआधीपासूनची. पानं पिवळी पडलेली, निळ्या शाईचे ठिपके पुसट झालेले. ती वही तिनं भाचीपुढं ठेवली. “रेघोट्या काय मारता? याच्यातली एक काढून दाखव. अकरा ते सहाची काढ.”

अकरा ते सहा म्हणजे मधल्या ओळीत अकरा ठिपके, मग वर आणि खाली एकेक कमी करत सहापर्यंत. भाचीनं बेरीज केली, ९१ ठिपके! आणि दोस्तांनो, पाटीवर हात बसवायला याच्यापेक्षा चांगला व्यायाम मला अजून सापडलेला नाही. कारण साध्या रेघेला चुकायची जागाच नसते. ठिपक्याला असते. या ठिपक्यापासून निघून त्या ठिपक्याला पोचायचं. पोचलात की नाही, ते लगेच दिसतं.

युक्ती एकच. निब पाटीला न टेकवता अर्धा सेंटिमीटर वर धरली, तरी पडद्यावरची खूण हलत असते. तेव्हा आधी पेन अधांतरीच फिरवायचं, खूण ठिपक्यावर आणायची, मग टेकवायचं. आणि एकदा रेघ सुरू झाली की खुणेकडे बघायचंच नाही. बघायचं ते जिथं पोचायचं त्या ठिपक्याकडे. सायकल चालवताना आपण पुढच्या चाकाकडे बघतो का? रस्त्याकडे बघतो.

पहिल्या दिवशी भाचीच्या दहा रेघांतल्या तीन-चार ठिपक्याला पोचत. बाकीच्या भटकत. माझ्या तर दोनच! दुसरा आठवडा संपता संपता मात्र तिच्या दहापैकी आठ बिनचूक जायला लागल्या. माझ्या सहा. लहान वयाचा हा फायदा. रोज वीस मिनिटं, एवढंच. जास्त वेळ बसलं की मनगट दुखतं आणि रेघा उलट बिघडतात.

आई खुर्चीवर बसून हे बघत होती. एकदा म्हणाली, “तुम्ही दोघं मनगट टेकवून काय काढता? मनगट टेकवून रांगोळी निघते होय?”

तिचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. रांगोळी घालताना हात जमिनीला टेकत नाही, सगळा हात खांद्यापासून फिरतो. आमची पाटी सोळा सेंटिमीटरची आणि पडदा तिच्या दुप्पट. म्हणजे हाताची एक मिलिमीटरची थरथर पडद्यावर दोन मिलिमीटर होऊन दिसणार. लांब रेघ नुसत्या मनगटानं काढली की ती वाकते आणि थरथरते. कोपर उचलून, जरा झटक्यात काढली की सुटसुटीत येते. हळूहळू, जपून काढलेली रेघ वाईट येते आणि बेधडक काढलेली चांगली, हे पाटी आपल्याला फार लवकर शिकवते.

आणखी एक परीक्षा घरच्या घरी करता येते. आपलं नाव मराठीत लिहा आणि वर शिरोरेघ द्या. पाच वेळा लिहा. शिरोरेघ कधी वर, कधी खाली गेली तर सराव हवा. पण पाचही वेळा ती एकाच बाजूला, सारखीच कलली, तर हाताला काही बोलू नका. पाटी टेबलावर वाकडी ठेवली आहे! ती पडद्यासमोर सरळ करा. इंग्रजी लिहिणाऱ्यांना ही सोय नाही बरं का, त्यांच्या अक्षरांना शिरोरेघच नसते.

मागे फिरवणारी कळ

कागदावर शाईची रेघ चुकली की चुकली. पाटीवर कंट्रोल आणि झेड या दोन कळा दाबल्या की चूक गायब! केवढी मोठी सोय. पण हिच्यापासून जरा सांभाळून.

एकदा मी मोजत बसलो होतो. भाचीनं एक नाक चाळीस वेळा काढलं आणि चाळीस वेळा पुसलं. एकेचाळिसावं नाक पहिल्यासारखंच होतं! कारण कुठं चुकलं ते ती बघतच नव्हती. रेघ उमटायच्या आत बोटं कळांकडे जात होती. मग आम्ही नियम केला: एक रेघ फक्त तीनदा. तिसऱ्यांदा जशी येईल तशी ठेवायची आणि पुढं जायचं. फोटोशॉप हा प्रोग्रॅम १९९० साली आला, तेव्हा त्यात फक्त एकच पाऊल मागे जाता यायचं. अनेक पावलं मागे जायची सोय १९९८ साली आली. तरी त्या आठ वर्षांत लोकांनी उत्तम कामं केलीच ना!

क्रिटामध्ये रेघेची थरथर आपोआप काढून टाकायचीही सोय आहे. ती सायकलच्या बाजूच्या दोन छोट्या चाकांसारखी समजा. थोडी वापरा, पण सवय लावून घेऊ नका. आणि रांगोळीचा सहावा हिस्सा काढला की उरलेले पाच आपोआप काढून देणारं अवजारही त्यात आहे. भाचीनं ते आईला दाखवलं. आई म्हणाली, “हे बाजारातल्या रांगोळीच्या छाप्यांसारखं झालं. झटपट होतं, पण हात कुठं लागला तुझा?” मला स्वतःला ते अवजार वाईट वाटत नाही. घाईच्या कामाला उत्तम आहे. पण हात बसेपर्यंत नको.

सगळ्यांत उपयोगी सोय म्हणजे लेयर. चित्रावर ट्रेसिंग पेपर ठेवून काढतो ना, तसे एकावर एक पारदर्शक थर. खालच्या लेयरवर ठिपके, वरच्यावर रेघा, आणि दोघांच्या मधे रंग. शेवटी ठिपक्यांचा लेयर झाकला की रांगोळी मोकळी! पूर्वी हेच काम आम्ही कागद कापून करायचो. दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवरची रघुवीर मुळगावकरांची चित्रं तुमच्या आजी-आजोबांना विचारा. स्प्रेच्या कामासाठी ते प्रसिद्ध होते. रंगाचा फवारा मारताना शेजारचा भाग झाकून ठेवावा लागतो, नाहीतर फवारा तिकडंही उडतो. आता ते झाकणं-उघडणं लेयर करतो.

मात्र आपण कुठल्या लेयरवर आहोत ते बघत चला! भाचीनं एकदा पेन्सिलच्याच लेयरवर शाईकाम केलं आणि मग ऐटीत पेन्सिल पुसायला घेतली. पेन्सिलबरोबर अर्धी शाईपण गेली. तेव्हापासून ती प्रत्येक लेयरला नाव देते.

एक चूक माझीही सांगतो. पहिली पूर्ण रांगोळी आम्ही छापून आणायला गेलो, तर दुकानातला मुलगा म्हणाला, “काका, ही फार लहान आहे.” पडद्यावर तर चांगली मोठी दिसत होती! मी कॅनव्हास घेतला होता ८०० बाय ८०० ठिपक्यांचा, म्हणजे पिक्सेलचा. चांगल्या छपाईला इंचाला ३०० पिक्सेल लागतात. म्हणजे आमची रांगोळी पावणेतीन इंचांची, बिस्किटाएवढी! ताणून मोठी केली तर कडांना जिन्याच्या पायऱ्या. ए-४ कागदावर छापायचं असेल तर कॅनव्हास सुरुवातीलाच २४८० बाय ३५०८ पिक्सेलचा घ्या. हे आधी ठरवायचं असतं, नंतर रडून उपयोग नाही. आम्हाला ती रांगोळी पुन्हा पहिल्यापासून काढावी लागली. सगळे ९१ ठिपके.

आई-बाबांशी दोन शब्द

पाटी घ्यायचीच असेल तर महाग घेऊ नका. बिनपडद्याची साधी पाटी तीन-चार हजारांच्या आसपास मिळते आणि शिकायला ती पुरते. खोक्यावर ‘दाबाच्या ८,१९२ पातळ्या’ असं मोठ्या अक्षरात छापलेलं असतं. त्या आकड्याला भुलू नका, कुणाच्या बोटाला एवढे फरक कळत नाहीत. त्यापेक्षा पेन बिनसेलचं आहे का, जादा निबा दिल्या आहेत का (निब प्लॅस्टिकची असते आणि झिजते), आपल्या संगणकाला चालेल असा ड्रायव्हर आहे का, ते बघा. घरी संगणक नसेल, तर काही पाट्या मोबाइललाही जोडता येतात. घेण्याआधी दुकानदाराला तेवढं विचारा. मूल डावखुरं असेल तरी काळजी नको, बहुतेक पाट्या उलट्या फिरवून वापरता येतात.

आणि कागद बंद करू नका. एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षेत वस्तुचित्र कागदावरच काढायचं असतं. इंग्लंडचे चित्रकार डेव्हिड हॉकनी १९३७ साली जन्मले. सत्तरी ओलांडल्यावर त्यांनी आयपॅडवर चित्रं काढायला घेतली. यॉर्कशायरमधला २०११ चा वसंत ऋतू त्यांनी असा रंगवला आणि ती चित्रं मोठमोठी छापून २०१२ साली लंडनच्या रॉयल अकॅडमीत लावली. त्याच प्रदर्शनात त्यांची तैलचित्रंही होती. एक घेतलं म्हणून त्यांनी दुसरं सोडलं नाही.

मुलानं पाटी खोक्यात घालून ठेवली, तर पैशांचा हिशेब काढण्याआधी एकदा बांगडी ठेवून बघा, एवढीच विनंती. दाजींनाही मी हेच सांगितलं. त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवून ऐकलं, हेही सांगायला हवं.

मे महिन्याच्या शेवटी अकरा ते सहाची रांगोळी नीट छापून आली. भाचीनं ती वहीतल्या मूळ पानासमोर चिकटवली. आईनं भिंग घेऊन दोन्ही पानं ताडून पाहिली. “डावीकडची पाकळी तुझी फुगली आहे,” म्हणाली. मग म्हणाली, “आण बघू ती पाटी इकडं.”

खुर्चीत बसूनच तिनं पेन धरलं. चिमटीत, रांगोळी धरतात तसं. हात अधांतरी. पडद्याकडे बघितलंसुद्धा नाही, नजर कोऱ्या पाटीवर. खांद्यापासून हात फिरला आणि पडद्यावर एक रेघ उमटली. काय सांगू तुम्हाला! एकही थरथर नाही. महिनाभरात आम्हा दोघांनाही अशी एक रेघ आली नव्हती. फक्त ती एकाही ठिपक्यातून गेली नव्हती.

“आजी, पडद्याकडे बघ ना!” भाची ओरडली.

“पडद्याकडे कशाला बघू? हात तर इथं आहे.”

“अगं, पेन आधी वरच धर. ती खूण दिसते का? ती ठिपक्यावर आण. आता टेकव. आता पुढच्या ठिपक्याकडे बघ, माझ्याकडे नको.”

दुसरी रेघ पाच ठिपक्यांपैकी दोघांतून गेली. भाचीची बोटं सवयीनं कळांकडे वळली. आईनं तिचा हात धरला.

“राहू दे गं. पुसू नकोस.”

त्या दोन्ही रेघा अजून त्या फाइलमध्ये आहेत. सगळ्यांत वरच्या लेयरवर. लेयरचं नाव भाचीनं ‘आजी’ असं ठेवलं आहे.